बोटवाल्या काकीचं पडलेलं तोंड

गावी राहिले त्या आठ महिन्यांत मी बोटवाल्या काकीला एकदाही तोंड पाडून बसलेलं पाहिलं नाही. तरीही तोंड पाडण्याचे जेवढे प्रकार इंग्रजीत आहेत, त्यांतले निदान डझनभर तिला पाठ होते. मीच तिला ते शिकवले होते.

ती माझ्या धाकट्या काकांची बायको. काका मालवाहू जहाजावर सुकाणी होते. साहेबाच्या शेजारी उभं राहून सुकाणू धरायचं हे त्यांचं काम. त्यामुळे गावात ती बोटवाल्याची बायल आणि आम्हां मुलांची बोटवाली काकी. तिने स्वतः बोट कधी पाहिलेली नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्यांत काका घरी राहिले तेवढे दिवस ती महिन्यांत सांगत असे. अकरा. मूल नव्हतं. त्याबद्दल घरात तिच्यासमोर कोणी बोलत नसे, तिच्या पाठीमागे मात्र बरंच बोलत.

तिचं हसणं आधी ऐकू यायचं, मग ती दिसायची. मसुऱ्याच्या अलीकडे खाडीकाठाला आमचं घर. पलीकडच्या काठावर शिंपल्या काढणाऱ्या बायकासुद्धा ते हसणं ओळखायच्या आणि तिथून हाक घालायच्या, "काय गो, आज काय झालां?" काही झालेलं नसायचं. घागरीत बेडूक निघाला, वायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, कांडताना मुसळ निसटलं, कोंबडीने तात्यांच्या चपलेवर अंडं घातलं, एवढं तिला पुरायचं. हसताना ती पदर तोंडाला लावायची, पण तो पोचेपर्यंत हसून झालेलं असायचं.

मी सोळा वर्षांची होते. मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकणारी, विषमज्वरातून उठलेली, वर्ष वाया गेलेली. डॉक्टरांनी हवापालट सांगितला म्हणून पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या आगबोटीने मला थोरल्या काकांकडे, म्हणजे तात्यांकडे, पाठवून दिलं. मला कुणाशी बोलता येत नसे. शाळेत मराठी बोलायची बंदी, घरी पुस्तकी मराठी आणि इथली मालवणी तर अर्धी डोक्यावरून जाणारी. मी ओटीच्या कोपऱ्यात पुस्तक उघडून बसायची आणि पान उलटायची विसरायची.

एक दिवस काकी सारवणाचा हात तसाच ठेवून माझ्यासमोर उकिडवी बसली. माझ्या तोंडाकडे तिने बराच वेळ नीट पाहिलं, जसं बाजारात मासा ताजा आहे का ते पाहतात तसं.

"काय गो मडम, तुमच्या विंग्रजीत असल्या तोंडाक काय म्हणतत?"

मला राग यायला हवा होता. पण तिला खरंच माहिती हवी होती, असं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मी म्हटलं, "लाँग फेस."

"म्हणजे?"

"लांब तोंड."

"घोड्याचां?" ती आत पळाली आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "अगो बाय माझ्या, मगे भावोजींचां जन्मापासना लाँग फेस!" भावोजी म्हणजे तात्या. निवृत्त शाळामास्तर, आवाज वर्गातला, चेहरा खरोखरच लांबट. ते पडवीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. मला आठ दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

त्यानंतर ती रोज एक मागायची. मी शाळेच्या वाक्प्रचारांच्या पुस्तकातून शोधून ठेवायची. तिची पसंती फार कडक होती. 'फेस लाइक अ वेट वीक', पावसात भिजलेल्या आठवड्यासारखा चेहरा, असं मी सांगितलं तेव्हा तिने कमरेवर हात ठेवले. "एकच आठवडो? आमच्याकडे चार म्हयने कोसळता. मगे आमच्या तोंडाक ते काय म्हणतले?" गडगडाटात मरायला टेकलेल्या बदकाचा एक वाक्प्रचार आहे, तो तर तिने फेटाळूनच लावला. "बदक कित्याक मरात पावसान? ह्यां ज्येणां लिवलां तेणां बदक बघूक नाय." तरी तो तिने तोंडपाठ केला आणि मोठ्या काकीची, म्हणजे तात्यांच्या बायकोची, सून माहेराहून परत आली, तेव्हा तिच्याकडे बोट दाखवून माझ्या कानात म्हणाली, "डाइंग डक."

विनोद बाजूला ठेवून ती प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायची. "ह्यो रागाचो काय?" मेघगर्जनेसारखा चेहरा असं एक आहे, ते रागाचं निघालं. "रागाचो नको. रागाचां तोंड बघूक कोण येतलो?" मार खाल्लेल्या कुत्र्यासारखी नजर, हे अपराध्याचं. "माझो काय गुन्हो झालो?" 'लुकिंग ब्लू', निळं दिसणं, तिला विषबाधेसारखं वाटलं. एवढी निवड ती कशासाठी करते आहे, हे मला समजत नव्हतं. समजून घ्यावं असंही वाटलं नाही. कुणीतरी माझ्याकडे रोज काहीतरी मागत होतं, तेवढं मला पुरेसं होतं.

शेवटी तिने एक ठेवून घेतला. 'डाऊन इन द माऊथ.' तोंडाचे दोन्ही कोपरे खाली गेलेले, असं मी बोटांनी करून दाखवलं. तिच्या खोलीत खिळ्याला काकांचा दाढीचा वाटोळा आरसा होता. ती त्यासमोर उभी राहिली, कोपरे खाली ओढले, आणि या खेपेला हसली नाही. पदराने आरसा पुसला आणि म्हणाली, "ह्यां माझां."

आमच्या घरी पत्र लिहायची एक रीत होती. खाडीकाठाला ज्या ज्या घरातला माणूस बोटीवर होता, त्या सगळ्या घरांत ती तशीच असावी. महिन्यातून एका रविवारी निळसर हवाई पत्र आणलं जाई. दुपारची जेवणं झाली की तात्या ओटीवर पाटावर बसत, मांडीवर पाटी, पाटीवर पत्र. घरातला प्रत्येकजण येऊन आपलं सांगे आणि तात्या ते बोललेलं मालवणी शुद्ध मराठीत उतरवून घेत. गाय व्याली, आंब्याला मोहोर बरा आहे, अमक्याचं लग्न ठरलं. लिहून झालं की सगळं मोठ्याने वाचून दाखवत. पत्राची शेवटची तीन बोटं रुंदीची पट्टी काकीची असे. तात्या दाराकडे न बघता विचारत, "धाकटीचां काय?"

दाराआडून उत्तर येई, "सगळी बरी आसत म्हणान लिवा."

तात्या लिहीत, सौ. धाकटी खुशाल आहे. पट्टी बरीचशी कोरी राही. नऊ वर्षं तीच ओळ जात होती. काकी दुसरीपर्यंत शाळेत गेली होती, तिला सावकाश वाचता येई. पण घरातल्या सुनेने आपल्या हाताने नवऱ्याला पत्र लिहायचं आणि ते थोरल्या दिराने मोठ्याने वाचायचं, हे तिच्या डोक्यातही आलं नसेल.

मी आल्यावर एक बदल झाला. पत्ता इंग्रजीत घालावा लागे, परक्या बंदरातल्या एजंटाचा, आणि तात्यांचा हात त्यात अडखळे. ते काम माझ्याकडे आलं. वाचून झालेलं पत्र ते माझ्याकडे देत. मी ते दुमडायचं, डिंकाची कड ओली करून चिकटवायची, पत्ता लिहायचा आणि परत द्यायचं. एका रविवारी मी ते घेऊन आत गेले, तर काकी दाराआडच उभी होती.

"चेडवा, माझ्या पट्टेर एक लिव."

"काय?"

"तोंडाचां. विंग्रजीत. ते साहेबाच्या शेजारी उभे ऱ्हवतत, तेंका कळतला. हय कोणाक कळूचां नाय."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की एवढे दिवस ती कशासाठी शब्द पारखत होती. मी कधी कुणाला चोरून चिठ्ठीसुद्धा दिलेली नव्हती. तिचं ते लांबलचक 'डाऊन इन द माऊथ' लिहायचा धीर झाला नाही; पट्टीच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरात 'लाँग फेस' लिहिलं आणि घाईने पत्र बंद केलं.

पोस्टमन यायचा तो साधारण चारच्या सुमाराला, खाडीच्या बांधावरून. बरोबर त्याच वेळी काकीला पाणी भरायचं असे. वाट बघते आहे असं कुणाला दिसू नये म्हणून ती विहिरीवर जायची आणि भरलेली घागर पुन्हा विहिरीत ओतून पुन्हा काढायची. घरातून "पत्र इलां!" अशी हाक आली की ती लगेच येत नसे. दोन घागरी आणखी काढी. मग येऊन दाराआड उभी राही आणि तात्या वाचत असत तिथून पुढे ऐकत असे.

उत्तर यायला महिना लागला. काकांचं पत्र नेहमीसारखंच, तीर्थस्वरूप तात्यांस साष्टांग नमस्कार, हवापाणी, बंदराचं नाव. वाचता वाचता तात्या शेवटी थांबले. त्यांनी चष्मा वर केला.

"ह्यां काय ता विंग्रजी? चेडवा, बघ गो."

काकांनी सहीच्या खाली मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'व्हाय लाँग फेस.'

"बंदराचं काहीतरी असेल, तात्या," मी म्हटलं. तात्या माझ्याकडे पाहत राहिले, मग दाराकडे, मग त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं.

मी आत जाऊन काकीला अर्थ सांगितला. एवढी मोठी बाई, हातातलं ताट तसंच घेऊन परसात गेली आणि माडाला टेकून उभी राहिली. नऊ वर्षांत तिला कुणी 'का' म्हणून विचारलं नव्हतं. पुढच्या पत्रात तिने 'डाऊन इन द माऊथ' लिहायला सांगितलं, त्याच्या पुढच्यात पुन्हा तेच. काकांची उत्तरं यायची. एकदा 'मी टू', माझंही तसंच. एकदा नुसतंच एक वाकडं तोंड काढलेलं, त्याला मिशा. ते चित्र तात्यांनी आपल्यासाठीच आहे असं समजून सगळ्यांना दाखवलं.

त्या वर्षी माघात मग तो प्रश्न आला. काकांनी लिहिलं होतं की चैत्रात जहाज मुंबईला लागेल. तिथे उतरून कायमचं घरी येता येईल, नाहीतर त्याच जहाजावर आणखी दोन वर्षांसाठी राहता येईल. चार दिवसांत निघतं, मध्ये गावी येणं होणार नाही. घरची मंडळी म्हणतील तसं करतो.

तात्यांना वाईट म्हणता येणार नाही. धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं होतं. पण पश्चिमेची पडवी पडायला आली होती, नवे चिरे अर्धे येऊन खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पडले होते, आणि दोन वर्षं म्हणजे त्यांच्या हिशेबात फार नव्हती. "दोन वर्षां अशी जातली," ते म्हणाले आणि चुटकी वाजवली. दाराआड मी काकीच्या शेजारी उभी होते. तिने चुटकीच्या आवाजाला डोळे मिटले.

त्याच सुमाराला आंगणेवाडीला भराडी देवीची जत्रा झाली. आम्ही चालत गेलो. गर्दीत रांगेत उभं असताना मी काकीला विचारलं, "तू देवीला काय मागणार?"

"तां सांगान झालां," ती म्हणाली. "आता तुका सांगूचां ऱ्हवला."

उत्तराचं पत्र लिहायच्या रविवारी ती सकाळीच मला न्हाणीच्या मागे घेऊन गेली. हसत नव्हती. "आज बारीक लिवू नको. डाऊन इन द माऊथ लिव, पण मोठां लिव. दिसाक होया तेंका. येवक होये ते."

दुपारी तात्यांनी पत्र लिहिलं. घरच्यांनी आपापलं सांगितलं. घराबद्दल तात्यांनी लिहिलं, इकडील काळजी करू नये, संधी सोडू नये. "धाकटीचां काय?" "सगळी बरी आसत." सौ. धाकटी खुशाल आहे. मग त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि हळूच म्हणाले, "चेडवा, पत्त्यापुरतांच लिव हां." रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. आणि ते उठून गेले नाहीत, तिथेच बसून सुपारी कातरत राहिले.

मी पाठमोरी झाले. पट्टी उघडली. अक्षरं मोठी काढली, तिने सांगितलं होतं तशी. आणि त्या तिच्या शब्दांच्या आधी, तिने न सांगितलेले दोन शब्द लिहिले. 'अ लिटल.'

तात्यांची भीती वाटली म्हणून लिहिले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते पुरतं खरं नाही. आमच्या शाळेत पत्रलेखनाच्या तासाला सिस्टर सांगायच्या की आपलं दुःख दुसऱ्यावर पूर्ण वजनाने टाकणं असभ्य असतं. आजारी असलात तर लिहा, थोडीशी आजारी. एकटं वाटत असेल तर, थोडंसं एकटं. सगळ्या मुली तसं लिहायच्या. मी तर बोलायचीही तशीच. त्या दिवशी 'डाऊन इन द माऊथ' हे शब्द कागदावर इतके मोठे, इतके उघडे दिसले की मला त्यांची लाज वाटली. जणू ते माझंच तोंड होतं. त्यांच्यावर मी ते दोन शब्द पांघरूण घालावं तसे घातले. मग कड ओली केली, चिकटवली आणि स्वच्छ अक्षरात पत्ता लिहिला.

काकांचं पत्र चैत्र संपता संपता आलं, मुंबईहूनच. तात्यांनी वाचलं. जहाजावरच राहतो आहे. हे पत्र पोचेपर्यंत निघालेलो असेन. सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. काकी दाराआड नव्हती, अजून विहिरीवरच होती. मी पत्र मागून घेतलं, कळशी उचलली आणि तिच्याकडे गेले. तिने माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं असणार, तरी म्हणाली, "खालचां वाच."

सहीच्या खाली लिहिलं होतं, 'ओन्ली लिटल. गुड. आय गो.'

'गो' तिला ठाऊक होतं. दोर हातात तसाच ठेवून तिने विचारलं, "लिटल म्हणजे काय गो?"

मला खोटं सांगता आलं असतं. बंदराचं नाव आहे, असं सांगायची मला सवयही झाली होती. पण ती माझ्याकडे अशी पाहत होती, की मला तिच्या भाषेतला शब्द शोधावा लागला. तो सापडला.

"वायच," मी म्हटलं. म्हणजे जरासं.

"वायच?"

"मी लिहिलं होतं. तुझ्या शब्दांच्या आधी."

ती हसली नाही, रागावलीही नाही. रहाटाचा दोर तिच्या हातातून थोडा सुटला आणि खाली घागर पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "तुका माझां तोंड वायच पडलेलां दिसलां?"

तिने घागर वर ओढून घेतली, कडेवर घेतली, आणि रिकामा हात माझ्यापुढे केला. "कळशी घी तुझी. चल."

चार दिवस ती नेहमीसारखी वागली. हसलीसुद्धा. मलाच जेवण जाईना. पाचव्या दिवशी कोकमाचे रातांबे फोडत बसलो होतो, दोघींचे हात लालभडक झाले होते. एकाएकी ती म्हणाली, "माका लिवूक शिकव."

"इंग्रजी?"

"विंग्रजी नको. आपलां."

विहिरीच्या कठड्याच्या चिऱ्यावर कोळशाने आम्ही शिकलो. वाचता येत असल्यामुळे तिला फार वेळ लागला नाही, हात वळायला तेवढा लागला. 'त' काढताना ती जीभ बाहेर काढायची. एखादं अक्षर चुकलं की पाण्याचा शिंतोडा मारून पुसायची आणि म्हणायची, "परत." माझ्यावर पुन्हा कधी तिने त्या पट्टीचं काम सोपवलं नाही. मला ही शिक्षा आहे की माफी, ते तेव्हाही कळलं नाही, अजूनही नक्की सांगता येत नाही.

वैशाखातल्या पत्राच्या रविवारी तात्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "धाकटीचां काय?"

काकी दाराआडून बाहेर आली. ओटीच्या कडेला बसली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात पुढे केला. "भावोजी, माझी पट्टी मी लिवतंय."

मोठी काकी भाजी चिरायची थांबली. तात्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. रातांब्यांचे डाग अजून गेले नव्हते. मास्तरच ते. कुणी लिहायला हात पुढे केला, तर नाही म्हणणं त्यांना जमलं नसावं. त्यांनी टाक दिला आणि स्वतः तोंड फिरवून बसले. काकीने एकच ओळ लिहिली, त्याला बराच वेळ लागला. पट्टी तिने स्वतः दुमडली, कड जिभेने ओली करून अंगठ्याने दाबली. मग पत्र माझ्याकडे सरकवलं. "पत्तो घाल."

पावसाळ्यासाठी वाहतूक बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या आगबोटीने मी मुंबईला परतले. काकी हट्टाने मालवण बंदरापर्यंत आली. तिला तिथे कधी कुणी आणलंच नव्हतं. बोट दूर पाण्यात उभी होती, पडावातून तिच्यापर्यंत जायचं होतं. कपाळावर हात धरून काकी पाहत राहिली.

"हीच ती?"

"नाही गं. काकांची हिच्या कितीतरी पट मोठी असते."

"हेच्यापेक्षा मोठी?" तिने बोटीकडे पुन्हा पाहिलं. "मगे तेंका आमी खंय दिसतलों."

पडाव सुटला तेव्हा मला रडू येत होतं आणि मी ते सवयीने दाबत होते. काठावर काकीने दोन्ही गाल ओढून, मान वाकडी करून, मरणाऱ्या बदकाचा चेहरा केला. लोक बघत होते. मी हसले आणि मग रडलेही, तोंड न लपवता. पाठ वळल्यावर तिच्या तोंडाचं काय झालं, ते मी पाहिलेलं नाही.

दोन वर्षांनी काका कायमचे परत आले. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी कॉलेजच्या सुट्टीत गावी गेले, या वेळी एसटीने, कसालला गाडी बदलून. खळ्यात पाऊल टाकलं आणि थबकले. ओटीवर, सगळ्यांसमोर, दाराकडे पाठ करून बोटवाली काकी बसली होती. गुडघ्याला मिठी, हनुवटी गुडघ्यावर, तोंडाचे दोन्ही कोपरे खाली. खरेखुरे.

"काय झालं काकी?"

"बांगडे सांगितललंय. पेडवे घेवन इले." आणि पुन्हा तोंड फिरवलं.

आतून एक बुटके, काळेसावळे, शांत गृहस्थ आले. हातात माशांची टोपली, चेहऱ्यावर गोंधळ. तिच्यापुढे येऊन ते उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "व्हाय लाँग फेस?"

ती आधी पदर शोधत होती, पण तो पोचेपर्यंत हसून झालेलं होतं. पलीकडच्या काठावरून हाक आली, "काय गो, आज काय झालां?"

मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी पाहिलेलं ते सगळ्यांत सुखी तोंड. पडलेलं तोंड म्हणते मी, हसण्याच्या आधीचं.

निघताना काका माझी पिशवी घेऊन एसटीच्या थांब्यापर्यंत आले. मी वाटेत 'अ लिटल'चं सांगितलं. पाठ केलं होतं तरी अडखळले.

"माका ठावक आसा," ते म्हणाले. "तिणां सांगल्यान." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "चेडवा, माका तेव्हा बोट सोडवत नव्हती. ऱ्हवाक एक शब्द होयो होतो. तो गावलो, मी धरलंय. तुया एकट्यान काय केलंस नाय." आणि खिशातून एक पाकीट काढून त्यांनी दाखवलं. निळ्या हवाई पत्रांच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या होत्या, दोन वर्षांच्या. प्रत्येकीवर कष्टाने काढलेली एकच ओळ. माझां तोंड पडलेलां आसा. येवा.

कुठेही वायच नव्हतं.

आता मी त्या वेळच्या काकीच्या वयाची झाले आहे. एका ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार पाहते. साहेब सांगतात त्यातला कडकपणा कमी करायचं काम माझं, आणि मी ते चांगलं करते असं म्हणतात. संध्याकाळी खोलीवर आले की कधी कधी आरशात तोंडाचे कोपरे पाहते. कुणी समोर उकिडवं बसून, मासा पारखावा तसं पाहून, याला काय म्हणतात असं विचारत नाही. खाडीवरून येणारा तो आवाज मला अजूनही इतका स्पष्ट आठवतो, की परवा जिन्यात कुणी बाई मोठ्याने हसली तर मी दार उघडून बाहेर आले.

गेल्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. कोपरा फाडलेला होता, म्हणून कुणीतरी गेल्याचं वाचायच्या आधीच कळलं. अक्षर काकांचं. काकीला दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं, खाडीला पूर होता, डॉक्टरांकडे न्यायला होडी घालता आली नाही. दिवसकार्य अमुक तारखेला. घरची मंडळी आपापल्या जागी बरी आहेत. सगळं तात्यांच्या वळणाचं, शुद्ध मराठी. त्या दोघांना एकत्र सात वर्षं मिळाली. नऊ मिळाली असती.

सहीच्या खाली, मोठ्या वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांत, आणखी एक ओळ होती. 'डाऊन इन द माऊथ. नॉट लिटल.'

उत्तरासाठी मी कार्ड आणून ठेवलं आहे. रोज समोर घेऊन बसते. अजून पत्ता तेवढा लिहून झाला आहे.